हाताचा भार माझ्यावर द्या

बाईचा हात मनगटाशी आणि कोपराशी धरून मी उचलायला जाते, आणि माझ्या आधी तो हात आपणहून वर येतो. तिच्या ते लक्षातही येत नाही. ती मला मदत करत असते. हात वर असतो, पण माझ्या तळव्यावर त्याचं वजन जराही नसतं. दंड कडक, खांदा कानाकडे ओढलेला. पहिल्यांदा मालिश करून घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बाईचं असं होतं. जन्मभर दुसऱ्याच्या हातातलं ओझं आपल्याकडे घेतलेलं असतं. आपलं ओझं दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. जळगाव आणि धुळ्यात इतकी वर्षं हे काम करताना मला जे कळलं, ते बहुतेक याच गोष्टीभोवती आहे. तेल कुठलं, दाब किती, हात कुठून कुठे न्यायचा, हे सहा महिन्यांत शिकता येतं. समोरचं माणूस अंग सैल सोडेल अशी तयारी करणं मात्र मी अजून शिकते आहे.

मी या कामात आले ती जळगावातल्या एका आयुर्वेद रुग्णालयाच्या पंचकर्म विभागातून. सुरुवातीला पाणी तापवायचं, फरशीवरचं तेल पुसायचं, तेलकट चादरी सोडा घालून उकळत्या पाण्यात भिजवायच्या, पिंडस्वेदासाठी साठेसाळीचा भात दूध आणि बलामुळाच्या काढ्यात शिजवून त्याच्या पोटल्या बांधायच्या. पुढे वैद्यबाईंनी मला द्रोणीपाशी उभं केलं. द्रोणी म्हणजे अभ्यंगासाठीचं लांब लाकडी टेबल, तेल खाली सांडू नये म्हणून कडेनं उंचवटा असलेलं. तिथं दोघी दोन बाजूंनी उभ्या राहतात आणि सात स्थितींत अभ्यंग करतात: आधी बसवून, मग उताणं, डाव्या कुशीवर, पालथं, उजव्या कुशीवर, पुन्हा उताणं आणि शेवटी परत बसवून. दोघींचे हात एका लयीत चालावे लागतात. एकीचा हात मनगटापर्यंत पोचला आणि दुसरीचा अजून दंडावरच असला, तर रुग्ण त्या फरकाकडेच लक्ष देत पडून राहतो. माझ्या समोर उभी राहणारी बाई वयानं मोठी होती. ती तोंडानं काही सांगायची नाही, रुग्णाच्या श्वासाबरोबर हात खाली न्यायची आणि मी तिच्याकडे बघत तसंच करायची. तिच्याकडूनच मला पहिली मोठी गोष्ट मिळाली. पुढचा हात कुठे पडणार हे अंगाला आधी कळलं, की अंग सावध राहायचं सोडून देतं.

वैद्यबाई आम्हाला अधूनमधून वाचूनही दाखवायच्या. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करायला सांगितला आहे, त्यातही डोकं, कान आणि पाय यांना विशेष. लगेच पुढे कुणाला करू नये तेही आहे: कफ वाढलेला असताना, अजीर्ण असताना, वमन-विरेचन नुकतंच झालेलं असताना. कशाला हो म्हणायचं आणि कशाला नाही, हे एकाच ठिकाणी सांगितलेलं मला फार पटलं. आपल्याकडे मालिश म्हटलं की ती सगळ्यांना चांगलीच, असा समज आहे. तो खरा नाही.

रुग्णालयातली नोकरी सोडून मी स्वतंत्र काम सुरू केलं, तेव्हा जागा मिळवायला जीव मेटाकुटीला आला. काय काम करता, असं घरमालक विचारायचा. मालिशचं म्हटलं की त्याचा चेहरा बदलायचा. एका ठिकाणी किल्ली हातात आली होती आणि संध्याकाळी निरोप आला, की सोसायटीत चालणार नाही. पाटी लावल्यावर फोन सुरू झाले, आणि त्यातले काही कसले असायचे ते कुठल्याही मालिशवालीला विचारा. मी ठरवून टाकलं. पाटीवर ‘अभ्यंग, फक्त महिलांसाठी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. अनोळखी पुरुषाचा फोन आला तर एका वाक्यात नाही म्हणून ठेवायचा, वाद घालायचा नाही. म्हाताऱ्या पुरुषांचे पाय चोळायला मी जाते, पण घरात बाईमाणूस असेल तरच, आणि दार उघडं ठेवून. या नियमांमुळे गिऱ्हाईक गेलं असेल, जाऊ दे. माझ्या मनात धाकधूक असेल तर ती माझ्या हातांत उतरते, आणि झोपलेल्या माणसाला ती पहिल्या मिनिटाला कळते. माझी सुरक्षितता हासुद्धा त्या मालिशच्या तयारीचाच भाग आहे.

महाबळ, गणपतीनगर, पिंप्राळा या भागांत मी घरी जाऊनही काम करते. दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाते आणि देवपुरातली नेहमीची घरं करून रात्री परतते. घरी जाऊन मालिश करण्यात गिऱ्हाइकाची सोय असते, पण घरासारखी अवघड जागा नाही. बाई आपल्याच घरात झोपलेली असते आणि तिचे कान स्वयंपाकघरात असतात. एकदा एका घरी मी पाठीला तेल लावत होते. मानेपासून खांद्यापर्यंतचा भाग चांगला मऊ झाला होता. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि दोन्ही खांदे माझ्या हाताखाली दगड झाले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसरी शिट्टी झाली, पुन्हा तेच. ती तोंडानं काही बोलली नाही, पण ती शिट्ट्या मोजत होती. तिसऱ्या शिट्टीला तिनं मान वर करून सुनेला हाक मारली, “गॅस बारीक कर गं.” त्या तासाभरात तिच्या अंगाला काही मिळालं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून घरी जायचं असेल तर मी आदल्या दिवशीच फोनवर सांगते. त्या वेळात गॅसवर काही ठेवायचं नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. पाण्याची मोटर आधी लावून घ्यायची. शाळेतून मूल यायची वेळ असेल तर ती वेळ नको. दोन-अडीच तास आधी जेवण झालेलं असावं, नाहीतर पालथं झोपवत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवायचं, की तासभर हाक मारायची नाही. बायकांना यातली सगळ्यात अवघड अट ही शेवटची वाटते. “कशाला, असू दे, आली हाक तर मी देईन उत्तर,” असं म्हणतात. मी तिथं हट्ट धरते. दार लावून, स्वतःसाठी तासभर आडवं पडायचं, हे आपल्याकडच्या बाईला दुखण्याखेरीज परवडत नाही. पुष्कळ जणींना ते चुकल्यासारखं वाटतं. दिवसाउजेडी झोपली म्हणजे आळशी, हे लहानपणापासून ऐकलेलं असतं.

अंगाला तेल लावून घेणं कुणालाच चुकल्यासारखं वाटत नाही असा एक दिवस असतो, नरक चतुर्दशीची पहाट. तेव्हा आई घरातल्या सगळ्यांना पाटावर बसवून टाळूवर तेल जिरवते, पाठीला उटणं लावते. पण आईला कोण लावतं? हा प्रश्न मी गिऱ्हाइकांना विचारते तेव्हा त्या हसतात आणि मग गप्प होतात.

टेबलावर घ्यायच्या आधी मी दहा-पंधरा मिनिटं नुसती विचारपूस करते. ताप आहे का, रक्तदाबाची गोळी चालू आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, साखर आहे का, दिवस गेलेत का, अलीकडे काही ऑपरेशन झालंय का, कुठे सूज, जखम, खरूज, कुठे हात लावलेला चालत नाही का. नवीन बायकांना हे सगळं जादा वाटतं. “तेल तर चोळायचंय, डॉक्टरसारखं काय विचारता?” असं एकीनं तोंडावर ऐकवलं होतं. पण या विचारपुशीमुळे एक जीव वाचला असं मी मानते. ओळखीतली एक बाई ऑपरेशननंतर बरेच दिवस अंथरुणावर होती. उठून चालायला लागली तशी पोटरी दुखते म्हणून मला बोलावलं. मी विचारलं, एक की दोन्ही? म्हणाली, एकच, उजवी. साडी जरा वर घेऊन बघितलं तर दोन्ही पोटऱ्यांत उघड फरक होता. उजवी सुजलेली, कातडी ताणलेली आणि हाताला गरम. मी तेलाची बाटली उघडलीच नाही. पाय चोळू नका, दाबू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला, असं म्हटलं. घरच्यांना राग आला. शेक द्या, चोळून बघा, असं सासू म्हणत होती. डॉपलर सोनोग्राफीत पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती चोळली असती आणि सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी नंतर घरच्यांना समजावून सांगितलं. त्या दिवसापासून माझं एक पक्कं झालं. नाही म्हणायची तयारी ठेवूनच मी घरातून निघते. भाडं वाया गेलं तरी हरकत नाही.

आता तेलाचं. खान्देशात ऋतूप्रमाणे तेल बदलल्याशिवाय चालत नाही. थंडीत धुळ्याचा पारा कधी कधी सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. अशा सकाळी खोबरेल बाटलीत गोठून बसतं, कारण 24 अंशांच्या खाली ते घट्ट व्हायला लागतं. तेव्हा तिळाचं तेल. ते अंगात ऊब धरून ठेवतं आणि हाताखाली जड चालतं. सांधे धरले असतील तर वैद्यांच्या सल्ल्यानं नारायण तेल किंवा महानारायण तेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा तिळाचं तेल अंगावर नकोसं होतं. मग खोबरेल, आणि वेळ पहाटेची. उन्हं वर आली की मी तेल लावत नाही. घामावर तेल बसत नाही, बाईला चिकचिक होते आणि पंखा लावला तर अंग ताठरतं.

पूर्ण अंगाला 60 ते 80 मिली तेल पुरतं. ते थेट गॅसवर तापवायचं नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवायची आणि अंगाला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब घालून बघायचं. मनगटाला ‘गरम आहे’ असं वाटलं तर ते पाठीला जास्त होतं. कोमट तेलसुद्धा बाटलीतून थेट पाठीवर ओतायचं नाही, आधी माझ्या तळहातावर घ्यायचं. वरून पडलेल्या थेंबानं माणूस दचकतं आणि एकदा दचकलेलं अंग परत खाली यायला पाच-सात मिनिटं जातात. माझे हात गार असतील तर मी आधी ते गरम पाण्यात बुडवते. नखं मुळापर्यंत कापलेली. अंगठी नाही, घड्याळ नाही, आणि बांगड्याही नाहीत.

बांगड्यांवरून मी खूप ऐकून घेतलं आहे. सवाष्ण बाईनं मोकळ्या हातांनी दुसऱ्या सवाष्णीच्या अंगाला हात लावायचा, हे धुळ्याच्या एका आजींना अजिबात पसंत नव्हतं. मी त्यांना शांतपणे एक काचेची बांगडी त्यांच्याच पाठीवरून फिरवून दाखवली. काच टोचते आणि बांगड्या सारख्या वाजतात. त्यांनी मान्य केलं, पण अट घातली, की काम झालं की त्यांच्या समोर बांगड्या चढवायच्या. मी आजही त्यांच्या घरी तसंच करते. त्यांना त्यानं बरं वाटतं आणि त्यांना बरं वाटणं हेच तर माझं काम.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पुढेमागे माझ्याकडे गर्दी होते. उन्हाळा लागला की आमच्याकडे उडदाचे पापड, कुरडया, बिबड्या, शेवया यांची घाई असते आणि त्यातच आखाजीला लेकी माहेरी यायच्या असतात. पुरणाचे मांडे करून देणारी एक बाई दर वर्षी आखाजी आटोपली की येते. मांडा करणं ज्यानं जवळून पाहिलं असेल त्याला कळेल. मळून मळून लवचिक केलेल्या कणकेत पुरण भरायचं, गोळा हातावर घेऊन दोन्ही तळव्यांपासून कोपरापर्यंत खेळवत वाढवायचा आणि हातभर पसरला की अलगद उलट्या खापरावर टाकायचा. खाली चुलीचा जाळ. शंभर-दीडशे मांडे झाले की हातांचं काय होत असेल! पहिल्यांदा आली तेव्हा तिनं सांगितलं, “पाठ दुखते, पाठच चोळा.” मी पाठ पाहिली, पण दुखणं दोन्ही कोपरांच्या वरच्या भागात आणि काखेच्या मागे खांद्याच्या पात्याशी होतं. तिथं बोट ठेवलं तशी ती कळवळली. पाठ त्या खांद्यांना सांभाळून सांभाळून दमलेली होती. मालिशमध्ये गिऱ्हाईक जिथं बोट दाखवतं तिथंच दुखण्याचं मूळ असतं असं नाही. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण तिच्या दंडांनी ते मला पक्कं शिकवलं. तेव्हापासून दुखतं कुठे याच्याआधी मी विचारते, दिवसभर हातांनी काय करता?

तसंच कापूस वेचणाऱ्या बायकांचं. त्यांची कंबर तर दुखतेच, पण बोटं बघा. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि बोटांच्या पेरांशी बारीक चिरा पडतात. अशा चिरांवर औषधी तेल लागलं तर आग होते. मी बोटं सोडून देते, तळहाताच्या मधोमध आणि अंगठ्याच्या गादीला फक्त अंगठ्यानं हळू दाब देते. माझी आई वेचणीला जायची. दिवाळीनंतर मी गावाकडे जाते तेव्हा ओटीवर चटई टाकून तिच्या सोबतच्या बायकांचे हात-पाय बघते. त्या पैसे देऊ शकत नाहीत आणि मी मागत नाही. तिथं कुणी आडवं पडत नाही. सगळ्या बसूनच, पदर आवरून, एकमेकींशी बोलत. मी त्यांना झोपा म्हणत नाही. बसल्या जागी मान सैल झाली तरी पुष्कळ झालं.

आता त्या आपणहून वर येणाऱ्या हाताकडे येते. देवपुरात एक निवृत्त शिक्षिका आहेत. पस्तीस-एक वर्षं फळ्यावर लिहून उजवा खांदा आखडलेला. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “बाई, हात सैल सोडा.” त्यांनी हात आणखी ताठ केला. सैल सोडा असं म्हटलं की माणूस सैल सोडण्याचा प्रयत्न करतो आणि प्रयत्न म्हणजे पुन्हा ताकदच. म्हणून मी ते शब्द वापरणं बंद केलं. आता मी कोपराखाली एक हात आणि मनगटाखाली दुसरा हात घालते आणि काहीच करत नाही. हात टेबलापासून दोन बोटं वर, बस. “हाताचा भार माझ्यावर द्या, मी धरलाय,” एवढंच सांगते आणि थांबते. मग पाळणा हलावा तितका हलकेच हलवते. दोन-तीन श्वास जातात. एकदम जाणवतं, की हात जड झाला. हाडाचं, मांसाचं सगळं वजन तळव्यात येतं. शिक्षिकाबाईंचा हात असा जड व्हायला कितीतरी गुरुवार गेले. ज्या दिवशी झाला, त्या दिवशी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “हा माझा हात एवढा जड आहे?” त्यानंतर खांद्याचं काम झपाट्यानं झालं. आधी जे मी बळानं सोडवायला बघत होते, ते भार दिल्यावर थोड्या दाबानं सुटायला लागलं.

शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आईंना हेच सांगितलं तर त्या अहिराणीत म्हणाल्या, “माय, मन्हा हात आपोआप उठस, मी काय करू?” मी म्हटलं, उठू द्या. त्यांचा हात वर आला की मी तो धरून ठेवायची, खाली यायला लागला की सोबत खाली यायची. चार-पाच वेळा असं झाल्यावर तो दमला आणि माझ्या हातात पडून राहिला. उठताना त्या म्हणाल्या, “आंग हलकं व्हई गयं.” हात जड झाला म्हणून अंग हलकं झालं, हे मला तेव्हा फार नवलाचं वाटलं.

वेगाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नव्या मुलींचं सगळ्यात जास्त इथंच बिघडतं. गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत म्हणून त्या भराभर रगडतात. मी उलट करते. मनगटापासून कोपरापर्यंत हात न्यायला पाच-सहा सेकंद घेते. माझ्याकडे येणाऱ्या एका डॉक्टर मुलीनं मला याचं कारण सांगितलं. आपल्या त्वचेत हळू स्पर्शालाच प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू असतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2009 साली दाखवलं, की सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगानं हात फिरला तर हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात आणि तोच वेग माणसांना सगळ्यात सुखाचा वाटतो. ते ऐकून मी घरी आले आणि आपल्याच हातावर पट्टी ठेवून मोजलं. रुग्णालयातली ती समोरची बाई याच वेगानं हात चालवायची. तिला कुणी शास्त्र सांगितलेलं नव्हतं, ती श्वासावर जायची.

हळू म्हणजे हलका नव्हे. गुदगुल्या होतील असा हात कुणालाच नको असतो. दाब भरपूर द्यायचा, पण तो अंगठ्यानं रेटून द्यायचा नाही. टेबलाची उंची अशी ठेवायची, की हात खाली सोडून उभं राहिलं तर मुठीची हाडं टेबलाला लागावीत. मग गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार पुढे द्यायचा. या कामात पुष्कळ जणींचे अंगठे दहा वर्षांच्या आत जातात. रात्री डब्याचं झाकण उघडत नाही अशी वेळ येते. मी तळव्याचा खालचा भाग आणि कोपरापुढचा हात जास्त वापरते, आणि दिवसाला चारच्या वर गिऱ्हाईक घेत नाही. पाचवी बाई माझ्या दमलेल्या हातांचे पैसे का देईल?

पोटाला हात लावायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, कारण मोठं आतडं तसं वळतं. पाठीच्या कण्याच्या हाडांवर दाब नाही, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. गुडघ्यामागच्या खळग्यात आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला कधीच जोर नाही. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, शिक्षिका, परिचारिका अशा उभ्यानं काम करणाऱ्यांच्या पुष्कळदा असतात, तर त्यांच्यावर दाब नाही. ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं चादरीखाली. चादर दुसऱ्या बाजूला घेतानाही आधी सांगायचं. आपल्याकडे बाईला अंग उघडं पडण्याची भीती दुखण्यापेक्षा मोठी असते आणि ती असेपर्यंत तेल वरच्यावर राहतं.

काशाच्या वाटीनं तळपाय चोळून घ्यायची मागणी अलीकडे फार वाढली आहे. ती मी आनंदानं करते. साजूक तूप किंवा खोबरेल तळव्याला लावायचं आणि वाटीच्या बुडानं टाचेपासून बोटांकडे गोल गोल घासायचं. दहा-बारा मिनिटांत तळवे काळे होतात. लोक म्हणतात, बघा अंगातली उष्णता, विष कसं बाहेर आलं. मी त्यांना खरं सांगते. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तूप-तेलातल्या आम्लांमुळे आणि घासण्यानं त्या धातूचाच तो रंग उतरतो. काळं न होताही पाय चोळले तर झोप तितकीच चांगली लागते. काहींना हे ऐकून जरा वाईट वाटतं. पण ज्या अंगाला मी हात लावते त्या अंगाशी मला खोटं बोलायचं नाही. मालिशनं वजन उतरतं, साखर जाते, गुडघ्याची झीज भरून येते, यातलं काहीही मी सांगत नाही. झोप लागते, आखडलेलं सुटतं, मन निवतं. एवढं पुरेसं आहे.

धुळ्यातल्या एका घरी आबांचे पाय असे वाटीनं चोळायला जायची. त्यांना बरीच वर्षं मधुमेह. पहिल्या दिवशी त्यांच्या सुनेनं पाय शेकायला पाण्याचं घमेलं आणून ठेवलं आणि आबांनी पाय आत सोडायला घेतले. मी थांबवून पाण्यात आधी माझं कोपर घातलं, ते भाजलं. आबा म्हणाले, “काही नाही, कोमट आहे.” त्यांच्या तळव्यांची संवेदना गेलेली होती आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं. मी डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा त्यांच्या बोटांना लावला. त्यांना कळला नाही. त्याच आठवड्यात ते डॉक्टरांना पाय दाखवून आले. पुढे त्यांच्या पायाला मी फक्त तळवा फिरवायची आणि दर वेळी बोटांच्या बेचक्यांत चीर, फोड काही आहे का ते बॅटरी लावून बघायची. वाटी बाजूला ठेवली. आबांना चोळण्यापेक्षा ते बघणंच जास्त आवडायचं. आपल्या पायांकडे कुणी इतकं निरखून पाहतं, याचं त्यांना अप्रूप होतं.

मालिश झाली की मी लगेच उठवत नाही. चादर गळ्यापर्यंत ओढून पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवते. अंगावरचं जास्तीचं तेल पुसून घेते, विशेषतः तळपायाचं, कारण तेलकट पायांनी फरशीवर घसरून म्हातारी माणसं पडतात. मग कुशीवर वळून, बसून, थोडं थांबून उभं राहायचं. मसुराचं किंवा हरभऱ्याचं पीठ लावून कोमट पाण्यानं अंघोळ. काही जणी झोपून जातात, घोरतात आणि उठल्यावर माफी मागतात. काही जणींच्या डोळ्यांतून पाणी येतं. मी कारण विचारत नाही, टॉवेल हाताशी ठेवते. सांगायचं असेल तर त्या आपणहून सांगतात आणि ते त्या खोलीच्या बाहेर जात नाही. सासूच्या कानगोष्टी सुनेला आणि सुनेच्या सासूला सांगणारी मालिशवाली मी पाहिली आहे. तिच्या हाताखाली कुणाचं अंग सैल पडणार?

सध्या माझ्याकडे दोन मुली शिकतात. एक पिंप्राळ्याची, पापडांच्या कामावर जाणाऱ्या बाईची लेक. तिला वाटलं होतं पहिल्या दिवशी तेल हातात मिळेल. मी तिला आधी टेबलावर झोपवलं. तिचाही हात माझ्या आधी वर आला. तिला तो तसाच धरून दाखवला आणि म्हटलं, हे तुझं तुला कळल्याशिवाय दुसरीचं कळायचं नाही. महिनाभर ती रोज दहा मिनिटं झोपायची, दुसरी तिचा हात धरून उभी राहायची, मग उलट. तेल त्यानंतर. आता ती विचारपूस करायला शिकते आहे. परवा एक बाई पाय दुखतात म्हणून आली, तर माझ्या आधी हिनंच विचारलं, “पोटरी कुठली दुखते, एक की दोन्ही?” पुढच्या गुरुवारी धुळ्याला मी तिला सोबत नेणार आहे, आणि देवपुरातली दोन घरं पावसाळ्यापर्यंत तिच्याकडे सोपवायची असं शिक्षिकाबाईंना विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, आधी माझ्या खांद्याला हात लावून बघू दे, मग सांगते.